नादार माणसालाही कायदा हवा

२०१६ साली संसदेने नादारी व दिवाळखोरी संहिता मंजूर केली. तिच्यात कलम ८० ते ९३ अशी चौदा कलमं आहेत. ज्याची कर्ज फेडण्याची कुवतच उरलेली नाही अशा गरीब माणसाने अर्ज करायचा. नेमलेल्या तज्ज्ञाने त्याचं उत्पन्न, चीजवस्तू आणि देणी तपासायची. अर्ज दाखल करून घेतला गेला की १८० दिवस वसुलीला कुणी त्याच्या दारात जायचं नाही. आणि त्याचं म्हणणं खरं ठरलं तर मुदतीअखेर ती देणी कायमची रद्द करायची, असा त्यांचा आशय आहे. या प्रक्रियेला कायद्याने नावच 'नवी सुरुवात' या अर्थाचं दिलं आहे. ही चौदा कलमं आजवर एकाही माणसाच्या उपयोगी पडलेली नाहीत, कारण ती लागूच केलेली नाहीत.

संहितेचा तिसरा भाग व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठी आहे. त्यातला एक तुकडा १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला, पण तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२३ मध्ये या तरतुदी वैध ठरवल्या. या तुकड्याचा वापर मुख्यतः बँका करतात, कंपनी बुडाल्यावर प्रवर्तकाच्या मालमत्तेपर्यंत पोचण्यासाठी. त्यात काही गैर नाही. पण धनकोच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्याच्या, कामाचा भाग सुरू व्हावा आणि ऋणकोच्या, म्हणजे कर्जदाराच्या, कामाचा भाग वर्षानुवर्षं कागदावर पडून राहावा, हे मला मान्य नाही. प्रामाणिकपणे आणि पूर्णपणे बुडालेल्या माणसाला कर्जातून सुटण्याचा कायदेशीर मार्ग असणं ही कुणाची मेहेरबानी नव्हे. तो त्याचा हक्क असायला हवा, आणि तो आता द्यायला हवा.

आधी हा मार्ग कुणाला लागतो ते बघू. चार भागीदारांनी मर्यादित दायित्वाची कंपनी काढली आणि ती बुडाली, तर कंपनीची मालमत्ता जाते; हमी दिलेली नसेल तर भागधारकांची घरं वाचतात. आपल्याकडचे बहुसंख्य छोटे उद्योग मात्र एकल मालकीचे आहेत. तिथे धंदा आणि माणूस असा फरक कायदा करत नाही. धंद्याचं कर्ज हे त्या माणसाचं कर्ज, धंद्याची थकबाकी ही त्याच्या घराची थकबाकी. मोठं भांडवल गुंतवणाऱ्याला कायद्याने अपयशाची मर्यादा आखून दिली आहे. गिरणी चालवणाऱ्याला, शिवणकाम करणाऱ्या बाईला, एका टेम्पोवर पोट असलेल्या माणसाला ती नाही. त्यांच्या जोडीला दवाखान्याच्या बिलापायी कर्जात गेलेला नोकरदार आहे, नोकरी गेलेला मध्यमवयीन माणूस आहे, आणि दुसऱ्याच्या कर्जाला सही केली म्हणून बुडालेला जामीनदार आहे.

हा माणूस आज काय करतो? एका ॲपवरून कर्ज काढून दुसऱ्या ॲपचा हप्ता भरतो. क्रेडिट कार्डाची किमान रक्कम भरत राहतो, म्हणजे मुद्दल जवळपास आहे तिथेच राहतं. मग सोनं गहाण पडतं, पतसंस्थेचं कर्ज येतं, मेहुण्याकडून उसने घेतले जातात. एके दिवशी सगळंच थांबतं आणि फोन सुरू होतात. रिझर्व्ह बँकेने वसुली एजंटांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला मनाई केली आहे, धमकी आणि बदनामीलाही मनाई आहे. पण या नियमाची दाद मागायला जे बळ लागतं तेच नेमकं या माणसाकडे उरलेलं नसतं. दिलेला चेक वटला नाही तर फौजदारी खटला, त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद. कर्ज हा दिवाणी मामला आहे असं पुस्तकात लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात कर्जदार पोलीस आणि कोर्ट या शब्दांच्या धाकात जगतो.

यातली सर्वांत मोठी अडचण कर्जाच्या रकमेची नाही, धनकोंच्या संख्येची आहे. समजा एकाला सहा जणांचं देणं आहे. सहाही जणांना कळतंय की हा माणूस सगळं फेडू शकत नाही. प्रत्येकाने थोडं सोडलं, वर्षभर थांबले, तर त्याचा धंदा पुन्हा उभा राहील आणि सगळ्यांच्याच पदरात काही पडेल. पण जो थांबेल त्याच्या वाटणीचं दुसरा घेऊन जाईल. म्हणून कुणीच थांबत नाही. माणूस मग ज्याचं देणं न्याय्य आहे त्याला देत नाही. जो जास्त ओरडतो, जो घरी येऊन शेजाऱ्यांसमोर उभा राहतो, त्याला आधी देतो. सभ्यपणे वाट पाहणारी सहकारी बँक मागे राहते आणि छळणारा ॲपवाला पैसे नेतो. ही व्यवस्था कर्जदाराला तर चिरडतेच, पण नियमाने वागणाऱ्या धनकोवरही अन्याय करते. दिवाळखोरीचा कायदा पहिल्या दिवशी जे काम करतो ते हेच: सगळ्यांना एकदम थांबवतो. सगळी देणी एका यादीत येतात, सगळी मालमत्ता एका यादीत येते, आणि वाटप ठरलेल्या क्रमाने होतं. एकेका बँकेशी स्वतंत्रपणे केलेली एकरकमी तडजोड हे काम करू शकत नाही, कारण पाच जण तयार झाले तरी सहावा मोकळाच असतो. लोकअदालतीतही दोन्ही बाजू राजी असतील तरच काही ठरतं.

आज सामान्य माणसासाठी कायदाच नाही असं नाही. मुंबईसाठी १९०९ चा आणि बाकी जिल्ह्यांसाठी १९२० चा, असे इंग्रजी अमदानीतले दोन नादारी कायदे अजून जिवंत आहेत, कारण त्यांना रद्द करणारं नव्या संहितेतलं कलमसुद्धा लागू झालेलं नाही. १९२० च्या कायद्यात एक अट आहे. नादाराची मालमत्ता त्याच्या विनातारण देण्यांच्या रुपयामागे आठ आणेही भरत नसेल, तर कोर्टाने त्याला बिनशर्त मुक्तता द्यायची नाही. त्यात आपला दोष नव्हता हे त्याने कोर्टाला पटवून दिलं तरच सूट. म्हणजे निम्मं फेडण्याइतकी मालमत्ता ज्याच्याकडे आहे तो सहज सुटेल, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याने आपलं निर्दोषत्व सिद्ध करायचं. शंभर वर्षांपूर्वीच्या व्यापारी जगासाठी हे ठीक असेल. आजच्या पगारदाराला किंवा छोट्या कारागिराला याचा उपयोग नाही, आणि हा कायदा अस्तित्वात आहे हे तालुक्याच्या ठिकाणी फारसं कुणाला ठाऊकही नसतं.

आता मुख्य आक्षेप. घेतलेलं कर्ज फेडलंच पाहिजे, ते बुडवणं पाप आहे, असं आपल्याकडे मनापासून मानलं जातं. ही भावना मला कमी लेखायची नाही. शब्द पाळण्यावरच उधारउसनवारीचं सगळं जग उभं आहे, आणि पै-पै जमवून कर्ज फेडणारी माणसं आपल्या घराघरांत आहेत. पण याच परंपरेने धनकोलाही बांधलं होतं, हे आपण विसरलो. मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी हिंदू ऋणकोंच्या बाबतीत दामदुपटीचा नियम पाळला: कोणत्याही एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येणार नाही. बापाचं कर्ज मुलाने फेडावं, तो त्याचा धर्म, ही कल्पना मात्र कायद्यात फार काळ टिकली. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यानंतरच्या कर्जांबाबत केवळ धर्मकर्तव्य म्हणून मुलगा, नातू किंवा पणतू यांच्याविरुद्ध दावा चालवायला कोर्टांना मनाई करण्यात आली. वडिलांची जेवढी मालमत्ता वाट्याला आली तेवढ्यापुरतीच वारसाची जबाबदारी. एक पिढी दुसऱ्या पिढीच्या कर्जातून कायद्याने मोकळी झाली. मग त्याच माणसाने आयुष्यभर एकाच अपयशाखाली दबून राहावं, असं कोणत्या न्यायाने म्हणायचं?

महाराष्ट्राला तर याचा इतिहास शिकवायला नको. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर चालून गेले, आणि मग पुणे-अहमदनगर भागात गावोगाव तेच झालं. त्यांचा रोख सावकारी दस्तऐवजांवर आणि कर्जरोख्यांवर होता. ते कागद ताब्यात घेऊन जाळायचे होते. कापसाचा भाव पडला होता, शेतसारा वाढला होता, आणि कोर्टाचे एकतर्फी हुकूमनामे जमिनी काढून घेत होते. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्याने रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायचा अधिकार कोर्टाला दिला, पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद करणं बंद केलं, आणि शेतकऱ्याला नादार जाहीर करण्याची सोयही त्यात घातली. परक्या सरकारला या उद्रेकानंतर जे सुचलं, ते आपण शांतपणे, आधीच करू शकतो. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्णा अय्यर यांनीही हेच तत्त्व मांडलं: ऐपत असूनही जो अप्रामाणिकपणे फेडत नाही त्याची गोष्ट वेगळी, पण केवळ गरिबीमुळे फेडता आलं नाही म्हणून माणसाला तुरुंगात टाकता येणार नाही.

पापपुण्याच्या हिशोबात आणखी एक गोष्ट सुटते. विनातारण कर्जावर बँक जास्त व्याज घेते ते कशासाठी? काही कर्जं बुडणार हे धरूनच ते व्याज आकारलेलं असतं. म्हणजे धोक्याचं मोल कर्जदार दर महिन्याला मोजत असतो. तो धोका प्रत्यक्षात आला की धनको म्हणतो, आता पूर्ण रक्कम आणि वर दंडव्याज. मोठ्यांच्या बाबतीत आपण इतके कडक नसतो. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ च्या परिपत्रकाने हेतुपुरस्सर कर्ज थकवणाऱ्यांशी आणि फसवणुकीच्या खात्यांतही तडजोड करायची मुभा बँकांना दिली, चालू असलेले फौजदारी खटले त्याने थांबणार नाहीत या अटीवर. बँकेच्या दृष्टीने त्यात व्यवहार असेल. पण ज्याने मुद्दाम थकवलं त्याच्याशी बोलणी होऊ शकतात आणि ज्याचा नाइलाज झाला त्याला कायद्याने मागता येईल असं काहीच नाही, हे कर्जदाराला समजावून सांगण्याचं धैर्य माझ्यात तरी नाही.

गैरवापर होईल का? होईल. सवलत म्हटली की काही जण तिचा गैरफायदा घेतात. म्हणूनच संहितेने कुंपणं घातली आहेत, आणि ती विचारपूर्वक घातली आहेत. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत काढलेलं कर्ज माफीत धरलं जात नाही. तारण असलेलं कर्ज तारणापुरतं शाबूत राहतं. कोर्टाचा दंड आणि पोटगी यांतून सुटका नाही. बारा महिन्यांच्या आत पुन्हा अर्ज करता येत नाही. मोठ्या कर्जांसाठीच्या दिवाळखोरीतही फसवणुकीने केलेलं देणं मुक्ततेनंतर कायमच राहतं. शिवाय ही दिवाळखोरी फुकट नाही. दिवाळखोराची मालमत्ता विकली जाते. धंद्याची हत्यारं, घरातलं साधं सामान अशा मोजक्या गोष्टी वगळतात. परदेशी जायला परवानगी लागते. मुक्तता मिळेपर्यंत त्याला आमदार-खासदार होता येत नाही, हे राज्यघटनेच्या कलम १०२ आणि १९१ मध्येच आहे. पतअहवालावरचा डाग राहतो आणि पुढची काही वर्षं कर्ज मिळणं कठीण होतं. हे सगळं सोसून माणूस अर्ज करतो तेव्हा तो मजेखातर करत नाही.

व्याजदर वाढतील आणि गरिबाला कर्ज मिळणं अवघड होईल, हा आक्षेप जास्त गंभीर आहे. त्यात तथ्य आहे. काही सावकार हात आखडता घेतील. पण जे कर्ज परत येणार नाही हे माहीत असूनही केवळ छळाच्या भरवशावर दिलं जातं, ते थोडं कमी मिळालं तर बिघडलं कुठे? कर्ज देण्याआधी कर्जदाराची ऐपत बघणं हे धनकोचं काम आहे, आणि ते काम त्याने नीट करावं असं वाटत असेल तर चुकीची किंमत त्यालाही मोजावी लागली पाहिजे. इंग्लंडमध्ये सहकार्य करणाऱ्या नादार व्यापाऱ्याला उरलेल्या कर्जातून मुक्त करण्याची तरतूद अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच आली. आज तिथे सर्वसाधारण दिवाळखोर एका वर्षात मोकळा होतो, आणि ज्यांच्याकडे जवळपास काहीच नाही त्यांच्यासाठी २००९ पासून वेगळा सोपा मार्ग आहे. त्याची कर्जमर्यादा २०२४ मध्ये ५०,००० पौंडांवर नेली. जर्मनीने मुक्ततेचा काळ सहा वर्षांवरून तीन वर्षांवर आणला. या देशांत कर्ज मिळणं बंद झालेलं नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचं एकच उत्तर राजकारणाला ठाऊक आहे, ते म्हणजे कर्जमाफी. २००८ ला झाली, २०१७ ला झाली, २०१९ ला झाली. संकटात सापडलेल्या शेतकऱ्याला मिळालेल्या पैशावर मी टीका करणार नाही. तो त्याला हवाच होता. पण कर्जमाफी निवडणुकीच्या वेळापत्रकाने येते. ती ठरावीक तारखेच्या, ठरावीक प्रकारच्या, संस्थांकडून घेतलेल्या पीककर्जाला लागते. सावकाराचं, खतदुकानदाराचं, मुलीच्या आजारपणाचं कर्ज तिच्यात बसत नाही. शेतमजूर तिच्यात नसतो, शहरातला रिक्षावाला नसतो. ज्याला फेडणं शक्य होतं त्यालाही ती मिळते आणि ज्याने कसंबसं वेळेवर फेडलं तो स्वतःला मूर्ख ठरवून घेतो. पैसे जातात सरकारी तिजोरीतून, आणि बँकेला मात्र तिची चूक सोसावी लागत नाही. नादारीचा कायदा याच्या अगदी उलट चालतो. एकेका माणसाची परिस्थिती तपासली जाते, सगळी कर्जं एकत्र बघितली जातात, आणि तोटा ज्याने धोका पत्करून कर्ज दिलं त्याच्याकडे जातो. कुणाच्या सभेची वाट बघावी लागत नाही.

तेव्हा ती चौदा कलमं आहेत तशी लागू करावीत का? लागू करावीतच, पण तेवढ्याने भागणार नाही. 'नवी सुरुवात' मागणाऱ्याचं वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपेक्षा, मालमत्ता २०,००० रुपयांपेक्षा आणि माफीयोग्य कर्ज ३५,००० रुपयांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि त्याच्या मालकीचं घरही असता कामा नये, मग ते गहाण का असेना. महिन्याला ५,००० रुपये मिळवणारा माणूस. हे आकडे २०१६ मध्येच तुटपुंजे होते. उलट रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांत वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेलं कुटुंब मायक्रोफायनान्सच्या विनातारण कर्जाला पात्र आहे, आणि त्याच्या उत्पन्नाचा निम्मा भाग हप्त्यांत जाऊ देण्यास मुभा आहे. कर्ज देताना गरिबीची रेघ ३ लाखांवर, कर्जातून सोडवताना ६० हजारांवर. दोन्ही रेघा एकाच ठिकाणी आणायला हव्यात, आणि त्या महागाईप्रमाणे आपोआप सरकायला हव्यात. स्वतःच्या राहत्या झोपडीमुळे माणूस अपात्र ठरतो ही अट तर काढूनच टाकायला हवी. गावात दोन खणांचं घर असणं म्हणजे ऐपत असणं नव्हे. शैक्षणिक कर्ज माफीतून सरसकट वगळलं आहे तेही मला पटत नाही. शिक्षण संपल्यावर पाच-सात वर्षं प्रयत्न करूनही ज्याला पुरेशी कमाई करता आली नाही, त्याच्या बाबतीत तपासून निर्णय घ्यायचा अधिकार तरी ठेवा.

दुसरी अडचण जागेची आहे. हे अर्ज ऋण वसुली न्यायाधिकरणाकडे करायचे आहेत. बँकांची २० लाखांच्या वरची प्रकरणं चालवण्यासाठी असलेली ही संस्था, मोजक्या मोठ्या शहरांत बसणारी, कामाच्या ओझ्याखाली वाकलेली. ३५,००० रुपयांच्या कर्जासाठी गडचिरोलीच्या माणसाने नागपूर गाठायचं, वकील करायचा, तारखा सांभाळायच्या, हे होणार नाही. छोट्या रकमेचे अर्ज तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशाकडे द्यावेत, आणि अर्ज तयार करून देण्याचं काम तालुका विधी सेवा समितीकडे सोपवावं. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, अपंग अशा अनेकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. सहा धनकोंची नावं, कुणाचं किती, कधी घेतलं, कशासाठी घेतलं, हप्ते किती गेले, एवढी यादी करायला त्या वकिलाला एक दुपार पुरेल. आणि ती यादी कोर्टात दाखल झाली की त्या सहा जणांना कोर्टाची नोटीस जाईल, की यापुढे याच्या घरी जाऊ नका, जे म्हणायचं ते इथे येऊन म्हणा.